इंधनकर आणि गरीब

पेट्रोल, डिझेल, रॉकेल व स्वयंपाकाचा गॅस यांवरील करांचा भार उत्पन्नाच्या मानाने कोणावर किती पडतो, हा या नोंदीचा विषय. ‘इंधनावर कर वाढवला की गरीब मरतो’ आणि ‘इंधन जाळतो तो श्रीमंत, त्याने भरावे’ ही दोन्ही विधाने महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत, कारण ती कोणत्या इंधनाबद्दल केली जात आहेत हे बोलणारा सहसा सांगत नाही. दिवा–रोहा मार्गावर नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान असलेल्या निडी (जि. रायगड) या स्थानकाच्या परिसरात ही सगळी इंधने आणि ती वापरणारी माणसे थोड्या अंतरात भेटतात, म्हणून पुढील विवेचनात हाच टापू मुख्यतः घेतला आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा पेट्रोल व डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आली. त्यांवर केंद्र प्रतिलिटर ठरावीक रकमेचे उत्पादन शुल्क घेते. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्केवारीचा असून तो उत्पादन शुल्क धरून झालेल्या किमतीवर बसतो. म्हणजे करावर कर. शिवाय राज्याचा प्रतिलिटर अधिभार वेगळा. केंद्राच्या वसुलीतला फारच थोडा भाग राज्यांच्या वाट्याला येतो. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवरील ३२.९० रुपयांच्या शुल्कापैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायचे मूळ शुल्क अवघे १.४० रुपये होते. बाकीचे उपकर आणि विशेष शुल्क. राज्ये स्वतःचा कर सोडायला का तयार नसतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

महाराष्ट्रात हा अधिभार कशासाठी वाढला याचा इतिहास मनोरंजक आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये बसले. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, तरी वसुली चालूच राहिली. महामार्गालगतची दारूविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिल २०१७ पासून बंद झाली, तिजोरीला खिंडार पडले, आणि त्याच महिन्यात पेट्रोलवरील अधिभार, जो तोवर ६ रुपयांपर्यंत पोचला होता, ९ रुपयांवर गेला. पेण–नागोठणे पट्ट्यातल्या मुंबई–गोवा महामार्गावरचे बार बंद झाले आणि त्यांची भरपाई बारची पायरी कधी न चढलेल्या दुचाकीवाल्याने केली! पर्यावरण, वाहतुकीची शिस्त किंवा सार्वजनिक वाहतुकीला मदत असा हेतू या वाढींमागे क्वचितच होता. सोपी वसुली हेच खरे कारण.

सर्वांत मोठी वाढ २०२० मध्ये झाली. कच्चे तेल कोसळलेले असताना केंद्राने मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवले. १ जूनपासून राज्याने आणखी २ रुपये घातले. स्वस्त झालेल्या तेलाचा फायदा ग्राहकापर्यंत पोचलाच नाही. त्याच काळात टाळेबंदीमुळे पॅसेंजर गाड्या बंद होत्या. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या कामगारापुढे दुचाकीखेरीज दुसरी सोय उरली नव्हती. समजा, त्याची गाडी रोज ३० किलोमीटर धावते आणि लिटरला ५० किलोमीटर देते. ३२.९८ रुपये या तेव्हाच्या दराने तो दिवसाला सुमारे २० रुपये नुसते केंद्राचे शुल्क भरत होता. रोज ४०० रुपये असेल तर हा पाच टक्के झाला. राज्याचा कर त्यावर वेगळा. प्राप्तिकराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असलेल्या माणसावर एवढा थेट कर दुसरा कोणता बसत असेल, हे शोधून काढावे लागेल.

याच टापूत पेट्रोल न वापरणारी माणसेही आहेत. कातकरी व ठाकूर वाड्यांवर दुचाकी मोजक्या घरांत. तिथल्या बाईचा इंधनकराशी संबंध येतो तो बाजाराच्या दिवशी मिनीडोर या सामायिक रिक्षामध्ये दाटीवाटीने बसताना, सीटच्या भाड्यातून. रेल्वेने जाणाऱ्याला तर इंधनकर जवळजवळ शिवतच नाही. या मार्गावरची मेमू विजेवर धावते. पण स्थानकापासून वाडीपर्यंतचा शेवटचा तुकडा मिनीडोरचाच असतो.

डिझेलचा कर पंपावर दिसत नाही. तो भाजीत, खतात, भात मळणीच्या भाड्यात आणि एसटीच्या तिकिटात येतो. एसटीने जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ केली, आणि प्रत्येक वेळी दिलेल्या कारणांत डिझेल होतेच. शिवाय तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर. तेव्हा एसटीचा प्रवासी राज्याला दोनदा कर देतो, एकदा टाकीतून आणि एकदा तिकिटातून. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळू लागले, ही मात्र खरोखरची परतफेड म्हणावी लागेल. फक्त ती एसटी जिथे जाते तिथपर्यंतच पोचते. मिनीडोरमध्ये अर्धे तिकीट नसते.

परताव्याची जुनी व्यवस्था मच्छीमारांसाठी आहे. यांत्रिक नौकांना सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या डिझेलवरील मूल्यवर्धित कर राज्य परत करते. आधी भरा, मग मिळवा असा हा प्रकार असल्याने थकलेला परतावा हे किनाऱ्यावरच्या निवेदनांतले नेहमीचे कलम. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले तेव्हा मच्छीमार संस्था घाऊक ग्राहक ठरल्या आणि पंपापेक्षा संस्थेचेच डिझेल महाग झाले. आणखी एक बारकावा : परतावा नौकेच्या मालकाला मिळतो, तर अनेक ठिकाणी डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून मगच खलाशांचे वाटे पडतात. सवलत कोणाच्या नावाने निघाली आणि कोणाच्या हातात पडली, यांत अंतर राहते.

अर्थशास्त्रीय अभ्यासांचा कौल पंपावरच्या संतापाशी जुळत नाही. थॉमस स्टर्नर यांनी संपादित केलेल्या ‘फ्युएल टॅक्सेस अँड द पूअर’ (२०१२) या ग्रंथातील अनेक देशांच्या अभ्यासांत गरीब देशांमध्ये वाहनइंधनावरील कर बहुधा श्रीमंतांवर अधिक पडतो असे दिसले. भारतापुरता अशोकांकुर दत्त यांचा निष्कर्षही तसाच आहे, अपवाद रॉकेलचा. हे पटण्याजोगे आहे, पण ते सरासरीचे गणित आहे. त्यातली आकडेवारी दुचाकी खेडोपाडी पोचण्याआधीची. आणि गरिबांच्या गटाची सरासरी काढताना वाहन नसलेल्या दहा घरांत दुचाकीवाले अकरावे घर हरवून जाते.

रॉकेलचा अपवाद इथे महत्त्वाचा आहे. शिधापत्रिकेवरील रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवून केंद्राने मार्च २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपवले. घरगुती गॅसवर वस्तू व सेवा कर ५ टक्केच आहे, तरी अनुदान काढून घेणे हे चुलीपुढे करवाढीसारखेच असते. उज्ज्वला योजनेची शेगडी घरात असून मोळी आणणे चालू, असे चित्र वाड्यांवर दिसते. जवळच नागोठण्याला मोठा पेट्रोकेमिकल कारखाना असला तरी.

करकपातीचा न्यायही तपासून पाहावा. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी केले. लगोलग राज्यानेही २.०८ व १.४४ रुपयांची कपात जाहीर केली. ८ रुपयांचे २६ टक्के २.०८ होतात आणि ६ रुपयांचे २४ टक्के १.४४, टक्केवारीचा कर आपोआपच तेवढा उतरतो. शिवाय २६ व २४ टक्के हे मुंबई, ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांचे तेव्हाचे दर. उर्वरित राज्यात ते २५ व २१ टक्के होते, त्या हिशेबाने निडीकडे २ रुपये आणि १.२६ रुपये एवढाच उतार येतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपये खरोखर सोडले, ते सर्वांना सारखे. १ जुलै २०२४ पासून मुंबई परिसराचे दर उर्वरित राज्याइतके खाली आणण्याचा निर्णय अर्थसंकल्पात जाहीर झाला : पेट्रोल सुमारे ६५ पैशांनी, डिझेल सुमारे २ रुपयांनी स्वस्त. पेण-रोह्याच्या पंपांवर त्या निर्णयाने पैशाचाही फरक पडला नाही.