राष्ट्रीय आरोग्य विमा

राष्ट्रीय आरोग्य विमा म्हणजे देशातील सर्व किंवा बहुसंख्य रहिवाशांच्या उपचारांचा खर्च कर, वर्गणी किंवा सक्तीचा विमा हप्ता यांतून सामूहिकपणे भागवण्यासाठी कायद्याने उभारलेली व्यवस्था होय. आजारपण केव्हा येईल आणि त्यावर किती खर्च होईल हे एखाद्या कुटुंबाला आधी सांगता येत नाही. मात्र संपूर्ण लोकसंख्येच्या बाबतीत त्याचा बराच अचूक अंदाज बांधता येतो. या व्यवस्थेचा पाया हाच आहे. विमा किती लोकांना मिळाला आहे एवढ्यावरून उपचार परवडतात की नाही हे ठरत नाही. कोणत्या सेवा समाविष्ट आहेत आणि रुग्णाला स्वतः किती रक्कम भरावी लागते, यांवरही ते अवलंबून असते.

परवडण्याचे मोजमाप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या जागतिक आरोग्य अहवालात विमा संरक्षणाच्या तीन मिती मांडल्या आहेत: किती लोकांना संरक्षण आहे, कोणत्या सेवांना आहे आणि खर्चाच्या किती भागाला आहे. यांपैकी एक मिती पूर्ण असून दुसरी अपुरी असल्यास विमाधारक कुटुंबही कर्जबाजारी होऊ शकते.

उपचारांच्या वेळी रुग्ण थेट देतो त्या आणि विम्यातून परत न मिळणाऱ्या रकमेस 'खिशातून होणारा खर्च' म्हणतात. शाश्वत विकास ध्येयांच्या मोजमापात हा खर्च कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून, तसेच २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास तो आपत्तीजनक मानण्याची पद्धत रूढ झाली.

विविध देशांतील व्यवस्था

जर्मनी: चान्सलर ओटो फॉन बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ साली कामगारांसाठी सक्तीच्या आजारपण विम्याचा कायदा झाला. आज सुमारे नव्वद टक्के लोक वैधानिक आजारपण निधींचे सदस्य आहेत. वेतनाच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी आणि निधीनुसार बदलणारी अतिरिक्त वर्गणी मालक व कामगार निम्मी-निम्मी भरतात. रुग्णालयातील वास्तव्यासाठी रुग्णाला दररोज १० युरो, वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस भरावे लागतात. रुग्णाने भरायच्या अशा रकमांची वार्षिक मर्यादा घरगुती उत्पन्नाच्या २ टक्के, तर दीर्घकालीन आजार असलेल्यांसाठी १ टक्का आहे.

युनायटेड किंग्डम: विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ सालच्या अहवालानंतर ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. हा काटेकोर अर्थाने विमा नाही. खर्च मुख्यतः करमहसुलातून भागवला जातो आणि उपचारांच्या वेळी सहसा पैसे द्यावे लागत नाहीत. १९५१ साली कवळी व चष्म्यांवर शुल्क आकारण्याचा निर्णय झाला, तेव्हा सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. इंग्लंडमध्ये औषधचिठ्ठीवर आजही शुल्क आहे. वेल्स, उत्तर आयर्लंड व स्कॉटलंड यांनी ते २००७ ते २०११ या काळात रद्द केले. नियोजित शस्त्रक्रियांसाठीची दीर्घ प्रतीक्षा यादी ही या सेवेवरील प्रमुख टीका आहे.

कॅनडा: सस्कॅचेवान प्रांताने टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली १९४७ साली रुग्णालय विमा सुरू केला. तेथील वैद्यकीय विमा १९६२ साली डॉक्टरांच्या संपाला तोंड देऊन अमलात आला. १९८४ सालच्या कॅनडा आरोग्य कायद्याने आवश्यक रुग्णालयीन व डॉक्टरी सेवांसाठी रुग्णाकडून शुल्क घेणाऱ्या प्रांतांच्या केंद्रीय निधीत कपात करण्याची तरतूद केली. रुग्णालयाबाहेरील औषधे आणि दंतोपचार मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

जपान: १९६१ पासून सर्व रहिवाशांना विमा आहे. बहुतेक प्रौढ रुग्ण खर्चाचा ३० टक्के भाग स्वतः देतात. ज्येष्ठांसाठी हा वाटा सामान्यतः कमी असतो. हे प्रमाण मोठे दिसले तरी उत्पन्नानुसार मासिक कमाल मर्यादा ठरलेली असल्याने मोठ्या आजारात कुटुंबावरील भार रोखला जातो. उपचारांचे दर राष्ट्रीय दरपत्रकाने ठरतात आणि साधारणतः दर दोन वर्षांनी त्यात सुधारणा होते.

स्वित्झर्लंड: १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला मूलभूत विमा घेणे सक्तीचे आहे. विमा संस्था त्यासाठी कोणालाही नाकारू शकत नाहीत. हप्ता उत्पन्नावर अवलंबून नसतो. अल्प उत्पन्न असलेल्यांना सरकारी साहाय्य मिळते. प्रौढ व्यक्ती वर्षाला ३०० ते २,५०० फ्रँकपर्यंतचा निवडलेला प्रारंभिक खर्च स्वतः करते आणि त्यानंतरच्या खर्चाचा १० टक्के भाग, कमाल ७०० फ्रँकपर्यंत, भरते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने: सर्वांसाठी एकच राष्ट्रीय विमा नाही. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. इतर बहुतेकांना नोकरीतून खासगी विमा मिळतो. २०१० च्या कायद्याने विमा कंपन्यांना पूर्वीच्या आजारामुळे विमा नाकारण्यास मनाई केली. आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के खर्च होऊनही तेथे कोट्यवधी लोक विम्याविना आहेत.

भारत

१९४६ च्या भोर समितीने पैशाअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, असे तत्त्व मांडले होते. १९४८ च्या कायद्यानुसार कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. ही योजना रचनेने जर्मन व्यवस्थेच्या जवळची आहे: मालक व कामगार दोघेही वर्गणी भरतात आणि बाह्यरुग्ण उपचार व औषधेही मिळतात. मात्र ती मुख्यतः संघटित क्षेत्रातील ठरावीक वेतनमर्यादेखालील कामगारांपुरती आहे.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेस प्रारंभ झाला. करमहसुलावर चालणाऱ्या या योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २०२४ साली ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश करण्यात आला.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. सुरुवातीला पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांवर भर होता. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली व संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. गोव्यात २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उत्पन्नाऐवजी किमान पाच वर्षांचे वास्तव्य हा पात्रतेचा निकष आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१४-१५ मधील ६२.६ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेले आहे. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून होतो. परंतु घरी परतल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचाच औषधोपचार त्यात येतो. त्यापुढील औषधे, तसेच मधुमेह व उच्च रक्तदाब यांवरील नित्याचे उपचार योजनेबाहेर राहतात. सरकारी दवाखान्यात ते न मिळाल्यास रुग्णाला स्वतःच खर्च करावा लागतो.

तुलनेतील मर्यादा

राष्ट्रीय सरासरीवरून व्यवस्थांची तुलना करताना काही बाबी नजरेआड होतात. पैशाअभावी उपचारच न घेणाऱ्या व्यक्तीचा खिशातून होणारा खर्च शून्य नोंदला जातो. त्यामुळे कमी खर्च म्हणजे परवडणारी सेवा, असा निष्कर्ष नेहमीच काढता येत नाही. बुडालेली मजुरी सहसा आरोग्यखर्चात मोजली जात नाही. तसेच निःशुल्क सेवेसाठी करावी लागणारी प्रतीक्षा आणि विमा स्वीकारणाऱ्या रुग्णालयाचे अंतर हे खर्चाच्या आकड्यांत दिसत नाही.