रिकाम्या पुंगळीचा पुनर्जन्म : घरी भरलेल्या काडतुसांचा इतिहास (थ्रेड)

बंदूक झाडली की काडतुसाच्या चार घटकांपैकी तीन संपतात. टोपीतले स्फोटक जळते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पितळी पुंगळी, आणि काडतुसाचा सर्वांत महाग भाग तोच. ही पुंगळी घरी पुन्हा भरणे हा अमेरिकेत रुजलेला जुना छंद आहे. तो तिथेच इतका का फोफावला, याचे अर्धे उत्तर पुंगळीच्या बुडातील एका छिद्रात सापडते.

१८६६ साली दोन लष्करी अधिकाऱ्यांनी काडतुसाच्या टोपीच्या दोन निरनिराळ्या रचना पुढे आणल्या. अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे नेतृत्व केलेल्या हायरम बर्डनच्या रचनेत, टोपी जिच्यावर आपटते ती ऐरण पुंगळीतच घडवलेली असे आणि ठिणगीसाठी बाजूला बारीक छिद्रे असत. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर याने ऐरण टोपीत बसवली व पुंगळीला मधोमध एकच छिद्र ठेवले. त्या छिद्रातून साधी सळई घालून जळकी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीत हे काम कमालीचे किचकट. गंमत अशी, की अमेरिकन बर्डनची रचना युरोपने उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने.

प्रारंभी मात्र हा छंद नव्हताच, ती निकड होती. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशात गव्यांची शिकार करणारे व्यावसायिक शिकारी रेल्वेपासून कित्येक मैल दूर राहत. तयार काडतुसे महाग, म्हणून ते शिसे आणि दारूची पिंपे गाड्यांवर लादून नेत व रात्री शेकोटीपाशी दिवसभराच्या पुंगळ्या भरत. या काटकसरीची किंमत गव्यांनी मोजली. दशकभरात त्यांचे अफाट कळप नाहीसे झाले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळनिवासी जमातींचा आधारही.

१८८४ मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने ‘आयडियल’ कंपनी काढली. तिचे पकडीसारखे हत्यार खिशात मावे. गोळीचा साचाही त्यातच. काडतुसासाठी कारखान्यावर अवलंबून राहण्याची गरज त्याने बरीच कमी केली.

याच काळात हिंदुस्थानात काय चालले होते? पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता, आणि लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणेही गुन्हा ठरले होते. १८५७ चा भडका काडतुसावरून उडालेला पाहिलेले सरकार ते प्रजेच्या हाती सहजासहजी देणार नव्हते. स्वतंत्र भारतातही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या निर्मितीला परवाना सक्तीचा केला आहे.

अमेरिकेत निकड संपली तरी सवय टिकली, कारण आता ध्यास अचूकतेचा होता. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी गोळी नेमकी भरकटते का, याच्या प्रयोगांत अनेक दशके घालवली आणि १९०९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. कारखान्याचे काडतूस सर्वांसाठी सारखे. स्वतः भरलेले आपल्या एकाच बंदुकीला जुळवून घेतलेले.

दुसऱ्या महायुद्धात सारा माल लष्कराकडे वळला आणि नागरिकांना गोळ्या मिळेनाशा झाल्या. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा घडवला. लहान बंदुकीच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या दाबून त्यांतून तो गोळीचे वेष्टण तयार करी. ‘रॉक चक’ या खारीच्या कुळातील प्राण्याच्या शिकारीसाठी या गोळ्या हव्या होत्या. त्या साच्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून झालेले ‘आरसीबीएस’ हे नाव आजही या छंदाच्या प्रत्येक दुकानात दिसते. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने आयुर्विम्यावर कर्ज काढून लष्कराची शिल्लक दारू विकत घेतली. ती ठेवायला गोदाम नव्हते, म्हणून रेल्वेचा एक जुना डबा त्याने शेतात आणून उभा केला.