पोटाची शस्त्रक्रिया : धाडसाकडून संयमाकडे

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा इतिहास इतरत्र आला आहेच. आम्ही येथे वाचकांपुढे एक वेगळा इतिहास मांडू इच्छितो. इंदिरानगरातील ज्या हमरस्त्याला आपण सी. एम. एच. रोड म्हणतो, त्याचे नावच मुळी चिन्मय मिशन रुग्णालयावरून पडलेले आहे. वसाहतीच्या नित्य येण्याजाण्याच्या रस्त्याने एका रुग्णालयाचे नाव धारण करावे, यात वावगे काहीच नाही. कारण घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबास जी दोनतीन ठिकाणे प्रथम ओळखून ठेवावी लागतात, त्यांत रुग्णालय हे एक असते.

सांगलीहून, नाशकाहून किंवा रत्नागिरीहून कधीतरी दूरध्वनी येतो, "आईच्या पित्ताशयात खडे निघाले आहेत, ऑपरेशन सांगितले आहे." किंवा आईवडील येथेच आपल्यापाशी असतात आणि निर्णय आपल्यालाच घ्यावयाचा असतो. मग शस्त्रक्रियेनंतर शल्यविशारद बाहेर येऊन सांगतात, "दुर्बिणीतून सुरुवात केली होती, परंतु पोट उघडावे लागले." किंवा, "पित्ताशय पूर्ण काढता आले नाही, थोडा भाग मुद्दाम ठेवला आहे." ऐकणाऱ्यांच्या मनात चर्र होते. काहीतरी बिघडले, डॉक्टरांचा हात कमी पडला, अशी शंका घर करते आणि गावाकडच्या नातेवाइकांस काय सांगावे हे सुचेनासे होते. या शंकेचे उत्तर शल्यशास्त्राच्या इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते. पोट उघडण्याचे धाडस माणसाने पूर्वीच केले. कोठे थांबावे हे शिकावयास मात्र त्याला त्याहून अधिक काळ लागला.

धाडसाची कथा आपल्याच देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बद्धगुदोदर आणि परिस्रावी उदर या दोन विकारांवर शस्त्रक्रिया सांगितली आहे. पहिल्यात आतड्याचा मार्ग अडतो, दुसऱ्यात आतड्यास छिद्र पडते. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून उदर छेदावे, आतडी बाहेर घेऊन निरखावीत, अडथळा करणारा खडा, केस किंवा मळ काढून टाकावा, मध व तूप लावून आतडी जागच्या जागी ठेवावीत आणि बाहेरची जखम शिवावी, असा तो विधी आहे. छिद्र पडले असेल तर त्याच्या कडा जुळवून तेथे काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा आणि मुंग्यांची शरीरे काढून टाकून डोकी तशीच राहू द्यावीत, असेही सांगितले आहे. आजचे शल्यविशारद आतड्यास धातूच्या बारीक पिना मारतात, त्यामागील कल्पना याहून फारशी निराळी नाही. मात्र जंतूंचे ज्ञान आणि खात्रीची भूल ही दोन साधने त्या काळी नव्हती, आणि ती हाती येईपर्यंत जगात कोठेही पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूस आमंत्रण देणेच होते.

ती साधने एकोणिसाव्या शतकात आली. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शल्यपद्धती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्स याने एका स्त्रीच्या पोटातील गाठ पाहण्यासाठी पोट उघडले. ती गाठ म्हणजे खड्यांनी भरलेले पित्ताशय निघाले. त्याने ते फोडून खडे काढले आणि पुन्हा शिवून टाकले. पुढे १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख याने पित्ताशय समूळ काढले. खडे काढून पित्ताशय ठेवले तर ते पुन्हा खडे करणार, तेव्हा खड्यांचे घरच काढावे, हा त्याचा विचार होता. तो बरोबर ठरला आणि आजही तीच शस्त्रक्रिया सर्वत्र होते.

येथे पोटातील रचना थोडी ध्यानात घ्यावयास हवी. पित्त यकृतात तयार होते आणि पित्ताशय ही त्याची केवळ साठवणीची पिशवी होय. म्हणून तिच्यावाचून माणूस सुखाने जगतो. परंतु यकृतातील पित्त लहान आतड्यात नेणारी मुख्य पित्तनलिका मात्र एकच असते. तिची रुंदी जेमतेम सहा मिलिमीटरांच्या आसपास असते आणि तिच्यावाचून जगता येत नाही. पित्ताशय वारंवार सुजले की ते आजूबाजूस चिकटते. कधी या नलिकेस, कधी आतड्यास. क्वचित पित्ताशय आणि आतडे यांमध्ये भोक पडून मोठा खडा आतड्यात उतरतो आणि तेथे मार्ग अडवून बसतो. अशा वेळी पिशवी कोठे संपते आणि नलिका कोठे सुरू होते, हे उघड्या डोळ्यांनाही कळत नाही. शल्यविशारद ज्याला 'अवघड पित्ताशय' म्हणतात ते हेच.

पित्तनलिकेत अडकलेला खडा ही त्याहून कठीण गोष्ट. १८९० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील कुर्व्हाझिए प्रभृतींनी नलिका उघडून खडे काढले खरे, परंतु कावीळ झालेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रक्त न थांबल्याने दगावत. पित्त आतड्यात उतरले नाही म्हणजे 'के' जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि रक्त गोठत नाही, हे कारण १९३० नंतरच्या दशकात उमगले. त्या शोधाबद्दल डाम आणि डॉइझी यांस १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका साध्या इंजेक्शनाने पुढे किती प्राण वाचले असतील! १९३१ मध्ये अर्जेंटिनातील मिरिझ्झी याने शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत औषध सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची रीत घातली. आणि १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथील वैद्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे मुख रुंद करून खडे काढून दाखविले. ज्यासाठी पोट उघडावे लागे, ते काम सुरीला पोटाबाहेर ठेवून होऊ लागले.

आता पुण्याकडे वळू. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी एका कैद्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. तो कैदी म्हणजे येरवड्याच्या तुरुंगातून आणलेले महात्मा गांधी होत. मुंबईचे त्यांच्या विश्वासातील डॉक्टर येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. पुण्यातील डॉ. फाटक आणि नामदार श्रीनिवास शास्त्री यांस बोलावण्यात आले. गांधीजींनी संमतिपत्रावर सही केली आणि ज्या सरकारने आपल्याला तुरुंगात टाकले त्याच सरकारच्या शल्यविशारदाच्या हाती आपले शरीर सोपविले. शस्त्रक्रिया चालू असता विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ५ फेब्रुवारी रोजी त्यांची सुटका झाली. ही घटना राजकीय इतिहासात नेहमी सांगितली जाते, परंतु आम्हांस तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. आपली माणसे वेळेवर पोहोचू शकत नाहीत, समोरचा वैद्य परका आहे, आणि तरीही समजून उमजून विश्वास ठेवावयाचा आहे. परगावी राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबास हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

आतड्यांच्या शस्त्रक्रियेत भारताने जगास जे दिले, त्याचाही उल्लेख अवश्य करावयास हवा. आपल्याकडे क्षयरोग आतड्यांतही होतो आणि बरा होताना आतडे जागोजागी आवळून टाकतो. पूर्वी असा भाग कापून काढीत. परंतु आवळलेल्या जागा अनेक असल्या तर कापून कापून आतडे उरणार किती? चंदीगढ येथील कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये निराळा मार्ग प्रसिद्ध केला. आवळलेल्या जागी आतडे लांबीच्या दिशेने चिरावे आणि आडवे शिवावे. म्हणजे काहीही न कापता मार्ग रुंद होतो. पुढे ऑक्सफर्ड येथील शल्यविशारदांनी तीच युक्ती क्रोनच्या आतड्याच्या विकारासाठी वापरली. कापून टाकण्यापेक्षा राखण्यात अधिक कौशल्य आहे, हे यातून दिसून आले.

यानंतर दुर्बिणीचे युग आले. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत ब्योब्लिंगन येथे एरिक म्यूहे याने दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्याच्या व्यवसायबंधूंनी प्रथम त्याची उपेक्षाच केली. १९९२ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या संस्थेने त्याचा गौरव केला. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लियाँ येथे मूरे याने तीच शस्त्रक्रिया केली आणि तेथून ती जगभर पसरली.

भारतात तिचा पाया मुंबईत घातला गेला होता. डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्यास आरंभ केला होता. हाताला स्पर्श नाही, पोट उघडलेले नाही, मग हे कसले शल्यशास्त्र, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. पण १८४५ पासून गोरगरिबांची सेवा करणाऱ्या त्या रुग्णालयातील रुग्णांसाठी या पद्धतीचे मोल त्यांनी ओळखले होते. हातावर पोट असलेल्या माणसाला महिनाभर घरी बसणे परवडत नाही; लहान छेद ही श्रीमंतांची चैन नसून कष्टकऱ्यांची गरज आहे, हा त्यांचा आग्रह होता. १९९० मध्ये त्याच रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती केली. उडवाडिया यांस २०१७ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२३ मध्ये ते निवर्तले.

परंतु नव्या साधनाबरोबर नवे संकटही आले. उघड्या शस्त्रक्रियेच्या काळात मुख्य पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण हजारी एकदोन असे. दुर्बिणीच्या पहिल्या वर्षांत ते हजारी चारपाचांवर गेले. कारण बहुधा एकच असे : चिकटलेल्या, सुजलेल्या जागी शल्यविशारदाने मुख्य नलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून कापले. अशी नलिका पुन्हा जोडणे म्हणजे यकृताच्या दारापर्यंत जाऊन आतड्याचा एक वळसा तेथे शिवणे. आणि त्यानंतरही रुग्णास वर्षानुवर्षे तपासणीखाली राहावे लागते. एका घाईच्या क्षणाची किंमत कोणी तरुण आई, कोणी मिळवता माणूस जन्मभर मोजत राही.

या संकटातून जे शहाणपण आले, ते आमच्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग होय. १९९५ मध्ये अमेरिकेतील स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम मांडला की पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना, एक नळी व एक रक्तवाहिनी, आणि त्यांच्यामागे मोकळे झालेले यकृत स्वच्छ दिसल्यावाचून काहीही कापू नये. आणि ते दिसतच नसेल तर? तर थांबावे. जाणत्या सहकाऱ्यास बोलवावे. पोट उघडून पाहावे. रुग्ण फारच अत्यवस्थ असेल तर पित्ताशयात केवळ नळी घालून पू काढावा आणि काही आठवड्यांनी परत यावे. किंवा खडे सगळे काढून पित्ताशयाचा धोक्याच्या जागचा भाग तसाच राखावा. हा शेवटचा मार्ग दक्षिण आफ्रिकेतील बोर्नमन व टेर्ब्लांश यांनी १९८५ मध्येच अवघड पित्ताशयांसाठी सांगितला होता. त्यात नंतर काही दिवस पित्त झिरपते, नळी ठेवावी लागते, क्वचित तोंडावाटे दुर्बिणीचा उपचारही करावा लागतो आणि मागे राहिलेल्या भागात पुढे खडे होण्याचा थोडा संभवही असतो. पण हे सारे निस्तरता येते. कापलेली नलिका मात्र सहज निस्तरता येत नाही.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच, की "पोट उघडावे लागले" हे वाक्य ऐकताच पराभवाचा अर्थ काढू नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की आत कोणीतरी हट्ट सोडला आणि रुग्णास जपले. शस्त्रक्रियेपूर्वी मात्र अवश्य विचारावे : सूज किती आहे, नलिकेत खडा असल्याची शंका आहे काय, दुर्बिणीतून जमले नाही तर पुढे काय करणार, आणि नलिकेस इजा झालीच तर ती दुरुस्त करणारे कोण व कोठे आहेत. जो शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही आणि "गरज पडली तर मी थांबेन" असे आधीच सांगतो, त्याच्या हाती आपले माणूस सोपवावे. घरी आल्यावर ताप, वाढते पोटदुखणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात परत जावे.

काळ्या मुंग्यांच्या डोक्यांपासून दुर्बिणीच्या पडद्यापर्यंत हा प्रवास झाला. त्यात छेद लहान होत गेला, हे सर्वांस दिसते. पण छेद घेणारा हात कोठे थांबावे हे शिकत गेला, म्हणूनच आपल्या घरांतील कितीतरी आईवडील आज पंगतीत आपल्या शेजारी बसून वरणभात जेवीत आहेत.