गॅरेजची खोली करताय? आधी डोक्यावरच्या स्लॅबकडे बघा!

गाडी विकली, गॅरेज रिकामं झालं. मग तिथे मुलांची अभ्यासाची खोली, क्लास किंवा आजी-आजोबांची खोली करायचं ठरतं. रंग होतो, फरशी बसते, पंखा लागतो. एप्रिल उजाडला की मात्र तिथे बसवत नाही. असं का होतं आणि कमी खर्चात काय करता येतं?

रात्रीसुद्धा का उकडतं?

सपाट स्लॅबवर दिवसभर थेट ऊन पडतं. काँक्रीट ही उष्णता साठवतं आणि संध्याकाळनंतर हळूहळू खाली सोडतं. त्यामुळे बाहेर गार वारा सुटला तरी आत पंखा गरम हवाच फिरवतो.

काँक्रीट उष्णता अडवण्यात कच्चं असतं. ढोबळमानाने ५ सेंटीमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे २ मीटर जाड काँक्रीट लागेल.

सगळ्यात आधी गळती

स्लॅबला ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. ओल तशीच ठेवून खालून सीलिंग केलं, तर गळती दिसत नाही आणि आतली सळई गंजत राहते.

सर्वात स्वस्त उपाय: पांढरा रंग

स्लॅब घासून धुवा आणि चुन्याचे किंवा उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. ऊन वरच्यावर परत फेकलं जातं. चुना पावसात धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी तो पुन्हा लावावा लागतो. धूळ बसली की परिणाम कमी होतो, त्यामुळे अधूनमधून स्लॅब धुवा. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये अशा ‘कूल रूफ’साठी स्वतंत्र धोरणच आणलं.

स्लॅबपासून थोड्या उंचीवर हिरवी जाळी ताणली, तर सावलीही मिळते.

थर वर द्यावा की खाली?

वर दिलेला उत्तम. वॉटरप्रूफिंगवर इन्सुलेशनचे कडक बोर्ड, त्यावर कोबा आणि फिकट रंगाच्या टाइल्स, अशी रचना केली की स्लॅब तापतच नाही. मात्र कोब्याचं वजन मोठं असतं. गॅरेजचा स्लॅब ते पेलेल का, हे आधी इंजिनिअरला विचारा.

खालून करायचं तर फॉल्स सीलिंगमध्ये ग्लासवूल भरून जिप्सम बोर्ड लावता येतो. यात खोलीची उंची कमी होते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीला साधारण २.७५ मीटर उंची हवी, गॅरेजला २.४ मीटर चालते. म्हणजे अनेक गॅरेजमध्ये उंची मुळातच कमी असते. तिथे वरचाच उपाय बरा.

ही चूक करू नका

पैसे वाचवायला छताला उघडा थर्माकोल चिकटवू नका. तो पटकन पेटतो, जळताना विषारी धूर सोडतो आणि वितळून खाली टपकतो. वायरिंगमधली एक ठिणगी पुरते. शटरच्या जागी भिंत घालताना खिडकीही ठेवा. हवा खेळती नसेल तर नुसतं इन्सुलेशन उपयोगाचं नाही.

आणि परवानगी?

मंजूर नकाशात जी जागा पार्किंग आहे, तिचा वापर परवानगीशिवाय बदलणं अनधिकृत ठरू शकतं. सोसायटीत असाल तर तिलाही विचारावं लागेल. खर्च करण्याआधी महापालिका किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागात चौकशी करा. नाहीतर गारवा मिळायच्या आधी नोटीस हातात पडायची!