युरोपियन संघातील करारदुरुस्ती

युरोपियन संघातील करारदुरुस्ती म्हणजे ज्या मूलभूत करारांवर हा संघ उभा आहे, त्यांत बदल करण्याची प्रक्रिया होय. तिचे नियम युरोपियन संघविषयक कराराच्या कलम ४८ मध्ये दिले आहेत. दुरुस्ती लागू होण्यासाठी सर्व सदस्य राष्ट्रांचे अनुसमर्थन आवश्यक असल्याने प्रत्येक राष्ट्राकडे नकाराधिकार असतो. मात्र दुरुस्तीचा विषय कोणता आणि तो केव्हा चर्चेस यावा, हे बऱ्याच अंशी संघाच्या संस्था व त्यांचे कार्यपद्धतीचे नियम ठरवतात.

मिलान बैठक, १९८५

जून १९८५ मध्ये मिलान येथे तत्कालीन युरोपियन समुदायाच्या १० राष्ट्रांच्या प्रमुखांची बैठक झाली. करारदुरुस्तीसाठी आंतरशासकीय परिषद बोलावण्यास ब्रिटन, डेन्मार्क व ग्रीस यांचा विरोध होता. अशा बैठकांत निर्णय सर्वसंमतीने घेण्याचा प्रघात असतानाही अध्यक्षस्थानी असलेले इटलीचे पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी प्रश्न मतास टाकला आणि तो ७ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. दुरुस्तीला एकमत लागत असले, तरी परिषद बोलावण्यास साधे बहुमत पुरेसे होते. विरोधी राष्ट्रेही पुढे परिषदेत सहभागी झाली. बाहेर राहिल्यास मसुदा इतरांच्याच हाती गेला असता.

याच बैठकीपुढे आयोगाची श्वेतपत्रिका होती. १९९२ अखेर एकसंध बाजारपेठ उभारण्यासाठी तीत सुमारे ३०० उपाय सुचवले होते. ही बाजारपेठ ब्रिटनलाही हवी होती. आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी तिची सांगड मतदानपद्धतीशी घातली: प्रत्येक उपायाला एकमत लागले, तर बाजारपेठ वेळेत उभी राहणे अशक्य होते. यातून एकल युरोपियन कायदा आकारास आला व १ जुलै १९८७ रोजी अमलात आला. नावात ‘कायदा’ असला तरी तो करारच आहे. संसदेने १९८४ मध्ये मंजूर केलेल्या आल्तिएरो स्पिनेली यांच्या मसुद्यातील मोजक्याच गोष्टी त्यात उतरल्या.

सार्वमत व मर्यादा

संस्थांचा हा प्रभाव अनुसमर्थनाच्या टप्प्यावर क्षीण होतो. २००२–०३ मध्ये व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनाने संविधान कराराचा मसुदा तयार केला. त्यात राष्ट्रीय संसदांचे सदस्यही होते. तरीही २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार फेटाळला. २००७ मध्ये जर्मनीच्या अध्यक्षपदाच्या काळात ‘संविधान’ हा शब्द वगळून, पण आशयाचा मोठा भाग राखून, वाटाघाटींची चौकट आखण्यात आली. तीतून झालेला लिस्बन करारही आयर्लंडने २००८ मध्ये नाकारला व २००९ मध्ये दुसऱ्या सार्वमतात स्वीकारला. एकाच प्रश्नावर पुन्हा कौल घेण्याच्या या पद्धतीवर लोकशाहीच्या दृष्टीने टीका होते.

लिस्बन करारामुळे संसदेलाही दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार मिळाला. त्याचा वापर करून तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापक प्रस्ताव मांडले. त्यांचा विचार करावा की नाही, याचा निर्णय राष्ट्रप्रमुखांची युरोपियन परिषद आजही साध्या बहुमतानेच घेऊ शकते.