कर्ण्यापासून टेबलावरच्या डबीपर्यंत

आता बऱ्याच गटांकडे, ग्रामसंघांकडे किंवा घरी मुलांच्या अभ्यासासाठी टेबलावरचा कॉम्प्युटर आलेला आहे. प्रशिक्षणाचे व्हिडिओ, बँकेची माहिती, आपल्याच कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण असे सगळे त्यावर ऐकता येते. पण पुष्कळ कॉम्प्युटरना ऐकण्याजोगा आवाज स्वतःचा नसतो, त्यासाठी स्पीकर वेगळा घ्यावा लागतो. कोणता घ्यावा, असे आम्हांला सारखे विचारले जाते. याचे उत्तर दुकानात मिळते त्याहून जास्त इतिहासात मिळते. म्हणून आज स्पीकरची गोष्ट सांगतो.

स्पीकर उघडून पाहिला तर आत तीनच मुख्य वस्तू दिसतात. मागे लोहचुंबक, त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू. वीज कमी-जास्त होते तसे वेटोळे पुढे-मागे हलते, शंकू हवा ढकलतो, आणि ती हवा आपल्या कानाशी येते. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याची ही कल्पना जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८७४ मध्येच मांडली होती. पण तेव्हा रेडिओ नव्हता आणि आवाज वाढवणारे यंत्रही नव्हते. कल्पना तशीच पडून राहिली.

पुढे १९१५ मध्ये अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी अशा वेटोळ्याला मोठा कर्णा जोडला आणि सॅन फ्रान्सिस्को शहरात जमावाला भाषण व संगीत ऐकवले. १९१९ मध्ये सॅन डिएगोला अध्यक्ष विल्सन यांचे भाषण हजारो लोकांनी असेच ऐकले. तोवर सभेत ज्याचा गळा मोठा, त्याचेच शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत. हळू बोलणाऱ्याचे म्हणणे पुढच्या चार जणांतच विरून जाई. कर्ण्याने हा नियम बदलला.

आज आपण वापरतो तो बिनकर्ण्याचा, कागदी शंकूचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. आजचा लहानात लहान स्पीकरही बहुधा त्याच घराण्यातला असतो.

आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळातल्या साध्या रेडिओंना कानाला लावायची श्रवणयंत्रे असत. म्हणजे घरात रेडिओ एक आणि ऐकणारा बहुधा एकच. ऐकलेले तो सांगेल तेवढेच बाकीच्यांना कळायचे. रेडिओला स्पीकर आला तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदम ऐकता येऊ लागले, चुलीपाशी बसलेल्या बाईलाही.

याचा गावासाठी काय उपयोग, हे १९५६ मध्ये पुणे भागात करून पाहिले गेले. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोत्यांचे गट बसवले. शेतीचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. एकट्याने ऐकलेले विसरते, पण दहा जणांनी ऐकलेल्यावर बोलणे होते. आपल्या गटाच्या बैठकीचे सूत्र हेच तर आहे.

मग स्पीकर लहान कसा झाला? पूर्वी दमदार आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी पेटी हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले, आणि पेटी खूप लहान झाली. त्याच वर्षी अमेरिकेत खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे लहान पण फार ताकदवान चुंबक निघाले, आणि तळहाताएवढ्या डबीतूनही चांगला आवाज येऊ लागला.

कॉम्प्युटर मात्र बराच काळ जवळजवळ मुका होता. १९८१ च्या आयबीएम कॉम्प्युटरच्या पेटीत एक छोटा स्पीकर होता, पण त्याचे मुख्य काम ‘टूं’ करून सूचना देण्याचे. १९८० च्या दशकाच्या शेवटी साउंड कार्डे आली, आणि टेबलावर वेगळे स्पीकर ठेवायची पद्धत पडली. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण ठरले, त्यामुळे आज एकाच वायरीतून स्पीकरला वीज मिळू शकते.

आता या इतिहासातून खरेदीपुरते घेऊ.

पहिले म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा. ‘पीएमपीओ’ म्हणून शेकडो वॅट लिहिलेले असतात. तो क्षणभराचा, फुगवलेला आकडा असतो. ‘आरएमएस’पुढचा आकडा विचारा, सतत मिळणारी ताकद तीच. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबी खाचेतून जेमतेम अडीच वॅट वीज मिळते. त्यावरच चालणारा स्पीकर सतत पन्नास वॅट देईल कुठून? पण आठ-दहा जणींच्या खोलीत बोलणे ऐकायला दोन-तीन वॅटही पुरतात.

दुसरे, वायरी. पुष्कळ लहान स्पीकरना दोन असतात. यूएसबीची वायर विजेसाठी, आणि गोल पिन आवाजासाठी. गोल पिन बहुतेक कॉम्प्युटरच्या हिरव्या खाचेत बसते. दुकानातच लावून पाहा. आवाज कमी-जास्त करायचे बटण स्पीकरवरच असेल तर आजीलाही सोपे जाते.

तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे, परीक्षा. दुकानदार धडधडणारे गाणे लावून दाखवतो. तुम्ही गटातल्या एखाद्या बाईचे बोलणे मोबाइलमध्ये मुद्रित करून न्या आणि ते लावा. पाच-सात पावले मागे उभ्या राहा. ‘साठ’ आणि ‘आठ’ वेगळे ऐकू येतात का? ‘स’चा आवाज फार बारीक असतो. जुन्या टेलिफोनमधून तो नीट येत नसे, म्हणूनच आकडे दोनदा सांगावे लागत. हप्ता साठ रुपयांनी वाढणार की आठ, हे जिथे कळत नाही, तो स्पीकर कितीही धडधडला तरी आपल्या कामाचा नाही.

ही छोटी गोष्ट वाटेल, पण कर्जाच्या अटींचा व्हिडिओ सचिवबाई एकटीच कानाला मोबाइल लावून ऐकते, तेव्हा बाकीच्या नऊ जणी तिच्या शब्दावर सही करतात. ती प्रामाणिक असेलही. तरी अंगठा उठवणाऱ्या बाईने अट स्वतःच्या कानांनी ऐकलेली असावी, हा तिचा हक्क आहे. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीसाठी तर आवाज हाच कागद.

तेव्हा स्पीकर साधा घ्या, लहान घ्या, पण शेवटच्या रांगेत बसणारीला विचारून घ्या. तिला स्पष्ट ऐकू आले की खरेदी बरोबर झाली.