देवळीला स्टेशन येईपर्यंत

वर्धा जिल्ह्यातील देवळी हे जुने बाजाराचे गाव. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली सुरू झाला, तेव्हा तो देवळीच्या उत्तरेकडून, काही मैल अंतरावरून गेला. देवळीच्या स्वतःच्या स्टेशनात गाडी आली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, वर्धा-कळंब मार्गाचे उद्घाटन झाले तेव्हा. म्हणजे तब्बल १५७ वर्षांनी. या काळात ज्या गावांना स्टेशन मिळाले ती वाढली, असे आपण सहज म्हणतो. पण नुसत्या स्टेशनाने गाव वाढते का? वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात याचे उत्तर शोधता येते.

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर आखून ठाणे तेथे हलवले. तेच आजचे वर्धा. रूळ येऊन पोहोचत असतानाच रस्ते, बाजार आणि कचेऱ्या यांची आखणी झाली, हे येथे महत्त्वाचे आहे. १९०१ च्या जनगणनेपर्यंत या नव्या शहराची वस्ती दहा हजारांच्या जवळ गेली. जुन्या देवळीची वस्ती तेव्हा पाच हजारांच्या आसपास होती.

या वाढीमागचे कारण कापूस. रेल्वेपूर्वी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर, गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत पाऊस लागला की माल भिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव भडकले. मुंबई बंदर गाठण्याची घाई त्यातून वाढली. प्रत्यक्ष गाडी आली ती मात्र युद्ध संपल्यावर.

आता एक सोपे गणित करू. १०० किलो कापूस पिंजून सरकी वेगळी केली, की साधारण ३३ ते ३४ किलो रुई मिळते. म्हणजे कापूस तसाच वाहून नेला, तर भाड्याचे दोन तृतीयांश पैसे सरकीवर जातात. शिवाय मोकळी रुई फुगलेली असते. डबा वजनाने भरण्याआधी जागेने भरतो. हीच रुई दाबयंत्रात दाबली, की आजची १७० किलोची गठाण सुमारे एक तृतीयांश घनमीटरात मावते. पण अशी यंत्रे चालवायला वाफ हवी, वाफेसाठी कोळसा आणि पाणी हवे. कोळसा रेल्वेनेच येणार. म्हणून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्टेशनाच्या आसपास उभे राहिले. त्यांच्यामागे अडते, हमाल, लोहार आणि खानावळवाले आले. त्यांना राहायला घरे लागली आणि वस्ती वाढली.

पुलगावचे तर नावच वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून पडले. तेथे पुढे कापडगिरणी आली. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसाखाणीकडे फाटा गेला आणि तेथेही गिरण्या निघाल्या. कापूस होता, कोळसा होता आणि वाहतूक होती. तिन्ही एकत्र आले. आर्वीला पुलगावहून १९१७ साली अरुंद मार्गाची छोटी गाडी सुरू झाली. आज त्या मार्गावर गाडी धावत नाही. रूळ कायमचे नसतात, हाही धडा येथे मिळतो.

या भरभराटीला दुसरी बाजूही होती. स्टेशनातून रुई बाहेर जाई आणि त्याच स्टेशनात तयार कापड उतरे. मधली कमाई दूरच्या शहरांत राही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथून नेमका हाच प्रश्न मांडला : मालावरचे काम गावातच झाले, तर त्याची मजुरीही गावातच राहील. गंमत अशी, की हा विचार देशभर पसरायलाही रेल्वेचीच मदत झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमची पायाभरणी करणारी शिक्षण परिषद वर्ध्यालाच भरली. देशाच्या मध्यभागी आणि मुख्य मार्गावर असलेल्या गावी जमणे सर्वांनाच सोयीचे होते.

यावरून आम्हांला असे वाटते, की स्टेशन ही केवळ एक संधी असते. माल येथेच पक्का होतो का, मजुराला कामाजवळ परवडणारे घर मिळते का, आणि वाढत्या वस्तीला पाणी पुरेल का, यावर पुढचे सारे ठरते. वर्धा, सेवाग्राम आदी स्थानकांचे नूतनीकरण अमृत भारत योजनेखाली हाती घेण्यात आले आहे. इमारती सुंदर होतील. परंतु देवळीचा खरा प्रश्न स्टेशनाच्या भिंतीबाहेरचा आहे. तेथे केवळ भूखंड पाडून विकले गेले, तर जमिनीचे भाव वाढतील आणि शेतमजूर आणखी दूर फेकला जाईल. आधी रस्ते, घरे, गोदामे व जिन यांची जागा आखली, तर १८६६ सालच्या वर्ध्यापेक्षाही चांगले गाव घडू शकेल.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. आपल्या जवळच्या स्टेशनाभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढावे. त्यात जुनी गोदामे, बंद जिन, घरे, शेते, विहिरी आणि रिकाम्या जागा विद्यार्थ्यांनी स्वतः फिरून नोंदवाव्यात. गावातील वृद्धांना विचारून पन्नास वर्षांपूर्वीचा तसाच नकाशा तयार करावा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, की गाडीने गावाला काय दिले आणि गावातून काय नेले, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.